कुमारी उपग्रह, हजेरी क्रमांक एकसष्ट

देवरे सरांशी मी सव्वा वर्ष खोटं बोललो. तोंडी बोललो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी लेखी बोललो, छापील कागदावर, खाली दुसऱ्याच्याच हुद्द्याची सही ठोकून. सर आता नाशिकला मुलाकडे असतात, त्यामुळे हे सगळं लिहायला हरकत नाही, असं मी मनाला सांगतो. तरी लिहिताना बाक सोडून उभं राहावं असं वाटतंच.

सर आम्हाला भूगोल शिकवत. सुरतेतली आमची मराठी शाळा म्हणजे बहुतेक पांडेसऱ्याच्या मिलमध्ये राबणाऱ्यांची मुलं. बाप कापड रंगवायचे, पोरं नकाशे रंगवायची. सरांचा नियम एकच होता. कागदावर काहीही काढा, वरच्या उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण हवा. बाणाच्या शेपटीला दोन पिसं आणि टोकावर इवलासा 'उ'. बाण विसरलात तर नकाशा कितीही देखणा असो, भोपळा. या भोपळ्याची आम्ही अशी धास्ती घेतली होती की हात आपोआप कोपऱ्यात जायचा. मी एकदा पोटदुखीच्या रजेच्या अर्जावर बाण काढला होता. सरांनी रजा मंजूर केली आणि शेरा मारला, "पोट तपासता आले नाही. दिशा बरोबर."

मुलांना ते नावानं हाक मारत नसत, हजेरी क्रमांकानं मारत. मी सत्तावीस. शाळा सुटून तीस वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी बमरोलीच्या आमच्या गल्लीत समोरच्या घरातून हाक यायची, "सत्तावीस, आहेस का?" आणि मी, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग हाउसच्या डिस्पॅच खात्याचा प्रमुख, आतून ओरडायचो, "हजर सर!" माझ्या बायकोला पहिली दोन वर्षं वाटायचं की मी कधीतरी तुरुंगात होतो.

डावं-उजवं हे शब्द सरांना मान्यच नव्हते. "डावं कुणाचं? तुझं की माझं? दिशा बोल," म्हणायचे. जेवायला बसले की बायकोला, "माई, वरण ताटाच्या नैऋत्येला वाढ, भाताला भिडू दे." चष्मा हरवला की माईंना सांगायचे, "टेबलाच्या वायव्य कोपऱ्यात बघ." माई घरात पक्की अहिराणी बोलायच्या. त्या लाटणं घेऊनच बाहेर यायच्या, "तुमनी वायव्येले आग लागो! चष्मा डोक्यावर शे!" त्यावर सर शांतपणे, "म्हणजे उंचीत चूक झाली. दिशा बरोबर होती."

कुणाच्या घरी गेले की पाणी मागायच्या आधी ते घराची उत्तर विचारून घ्यायचे. एका लग्नात फोटोवाल्यानं "काका, थोडं डावीकडे सरका" म्हटलं, तर सर जागचे हलेनात. शेवटी मी जाऊन "सर, पूर्वेला दोन पावलं" म्हटलं तेव्हा फोटो निघाला. आणि रस्ता? सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नव्हता. ही त्यांच्या अभिमानाची गोष्ट होती. निवृत्तीनंतर जुनी पांढरी गाडी घेतली तेव्हा अख्ख्या सुरतेच्या गल्ल्या त्यांच्या डोक्यात होत्या. मिलच्या चिमण्या, खाड्या, पूल यांवरून ते वळणं घ्यायचे.

मग एका संध्याकाळी माईंनी मला कुंपणाशी गाठलं. आवाज दबका.

"संजू, तुना सर चुकी गयात."

"चुकले? म्हणजे?"

"पांडेसरातून घरी येताना. मी शेजारी बसेल व्हते. एकच चिमणी तीन डाव दिसनी. मी म्हटलं, हाई तर मघाशी पाह्यी. तर म्हणे, लोकांनी चिमणी हलवली."

मी हसलो. माई हसल्या नाहीत.

"कोनले सांगू नको. नाशिकले कळलं तर पोरगा गाडी इकाले लावी. मग हाऊ माणूस घरातच बसी. माले घरातल्या सगळ्या दिशा पाठ व्हयी जातील."

मी हादरलो. ज्या माणसानं मला उत्तर दाखवली त्याला घर सापडत नव्हतं. सरांना मदत करायची होती, पण तुम्ही रस्ता विसरताय हे त्यांना सांगण्यापेक्षा मी स्वतः पुन्हा सातवीत बसलो असतो.

माझ्या कपाटात एक जीपीएस पडून होतं, गाडीच्या काचेला रबरी चकतीनं चिकटवायचं, हातात मावेल असं. मोबाइलवर नकाशे यायच्या आधीच्या दिवसांत मेहुण्यानं दिलेलं. आता ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. पण सरांकडे बटणांचाच फोन होता. ते घेऊन मी समोर गेलो आणि तोंडातून आपोआप निघालं, "सर, पुण्याची एक कंपनी आहे. हे यंत्र बनवते. त्यांना सुरतेत तपासणीसाठी भूगोलाचा जाणकार हवाय. मी तुमचं नाव सुचवलं."

सरांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "याला उत्तर कळते?"

"उपग्रहावरून कळते सर."

"मग परीक्षा घ्यायला हवी."

"पण कंपनीची अट आहे. तपासणी फक्त रविवारी, एरवी गाडी बंद, आणि शेजारी एक सहायक हवा." ही अट मी तिथंच उभ्या उभ्या रचली. चुकणाऱ्या माणसाला गाडीत एकटं सोडायचं नाही एवढं तरी भान मला होतं. पुढे कितीतरी दिवस मी याच एका अटीवर झोपू शकलो.

पहिल्या रविवारी सर निळी शाई भरून, नवी वही घेऊन आले. वहीवर लिहिलं होतं: 'कु. उपग्रह, हजेरी क्र. ६१'. आमच्या वर्गात साठ मुलं होती. मी चकती काचेला दाबून बसवली, बटण दाबलं, आणि एक हिंदी बाई गोड आवाजात म्हणाली, "दो सौ मीटर आगे, बाएँ मुड़ें."

मागच्या सीटवर माई ताठ झाल्या. "हाई बाई कोन शे?"

"विद्यार्थिनी आहे," सर म्हणाले. मग यंत्राकडे वळून, "बाळ, बाएँ नाही म्हणायचं. पश्चिम."

"बाएँ मुड़ें," एकसष्ट म्हणाली.

"हट्टी आहे. पण स्पष्ट बोलते."

नकाशा जुना होता आणि सुरतेत पूल पालवीसारखे फुटत असतात. एका नव्या उड्डाणपुलावर आम्ही अगदी मध्यावर असताना बाई शांतपणे म्हणाली, "अब दाएँ मुड़ें." दाएँ म्हणजे कठडा. कठड्यापलीकडे तीस फूट हवा आणि खाली भाजीबाजार. सरांनी गाडी हळू केली. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"हिला पूल शिकवलाच नाही कुणी," सर कळवळले. "हिच्या हिशोबानं आपण खालीच आहोत."

"तिले म्हनो, तू उडी मार आधी," माई म्हणाल्या. "आमी मागून येतो."

एकसष्ट लगेच म्हणाली, "मार्ग की पुनर्गणना हो रही है."

सर एवढे हरखले की त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "ऐकलंस, सत्तावीस? चूक कळली की लगेच गणित नव्यानं मांडते. रुसणं नाही, रडणं नाही! असा एक विद्यार्थी मिळाला नाही रे चाळीस वर्षांत!" त्या दिवशी तिला दहापैकी चार. शेरा: 'अभ्यास जुना. वृत्ती उत्तम.'

मग रविवार मागून रविवार आम्ही निघायचो. तिनं चूक केली की सर तिला काचेवरून काढून पाच मिनिटं समोरच्या कप्प्यात कोंडायचे. ती आतूनही पुनर्गणना करत राहायची आणि माई खुदुखुदु हसायच्या. बरोबर वळण सांगितलं की "शाब्बास!" म्हणून काचेवर टिचकी. आणि गंमत अशी की या परीक्षेच्या नादात सर स्वतः कुठं अडखळले तर "थांब, बघू हिला येतं का," म्हणायचे. ती सांगायची आणि आम्ही घरी पोचायचो. माई आरशातून माझ्याकडे बघायच्या.

दसरा रविवारीच आला. गाडीची पूजा झाली. बोनेटवर स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ. मग माई काचेतल्या बाईकडे वळल्या. "सवाष्ण शे का नई, माहीत नई. पण लावते." त्यांनी बोटावर कुंकू घेऊन पडद्याच्या मधोमध ठसठशीत टिळा लावला, मग हळद, मग अक्षता चिकटाव्यात म्हणून जरा दाबून. ते बोटानं चालणारं यंत्र. त्या तीन दाबांत माईंनी आत काय काय उघडलं आणि मिटलं देव जाणे. गाडी सुरू झाली आणि बाई भलत्याच भाषेत बोलायला लागली. फ्रेंच की जर्मन ते आजतागायत कळलेलं नाही. घशातून, ठसक्यात, लांबलचक.

मी घाईघाईनं पुसायला गेलो. सरांनी माझा हात धरला.

"राहू दे. आज दसरा. पोरीनं सीमोल्लंघन केलं!"

त्या दिवशी आम्ही अडाजणपर्यंत त्या अनोळखी भाषेत गेलो. सर प्रत्येक वाक्य मान तिरकी करून ऐकायचे, "पूर्व म्हणतेय बहुतेक," म्हणायचे आणि वळायचे. परत येताना तर तिला उत्तरंही द्यायला लागले, तिच्याच ठसक्यात. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं डोकावून विचारलं, "काका, फॉरेनथी आव्या?" माई पदरात तोंड घालून हसत होत्या. मी हसून एवढा पुढे वाकलो की टिळ्याचं कुंकू माझ्याच नाकाला लागलं. त्या रविवारी एकसष्टला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण उत्तर भारतीय उच्चार सोडल्याबद्दल कापला.

पण खोटं एकदा पाळलं की त्याला खायला घालावं लागतं. महिना झाला आणि सरांनी मला जाड पाकीट दिलं. "कंपनीला पाठव. अहवाल." आत बावीस पानं. कुठला पूल नकाशात नाही, कुठली गल्ली आता बंद आहे, कुठल्या खाडीचं पात्र सरकलं आहे. सुंदर अक्षर, प्रत्येक पानावर बाण. मी ते कपाटात साड्यांखाली ठेवलं. पंधरा दिवसांनी सरांनी विचारलं, "उत्तर आलं?"

म्हणून मी उत्तर लिहिलं. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, संगणकावर. 'माननीय देवरे सर, आपला अहवाल वाचून आमचा तांत्रिक विभाग थक्क झाला.' खाली सही, 'मुख्य नकाशा अधिकारी'. जोडीला त्या उड्डाणपुलाचं छोटं रेखाटन हातानं काढलं, 'असा बदल करीत आहोत' असं लिहून. एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडून ते पुण्याहून पोस्टात टाकवलं. ते पत्र सरांनी गल्लीत सहा घरी वाचून दाखवलं. मग मी एक दुकान शोधून यंत्रातला नकाशा नवा करून घेतला, आणि पुढच्या रविवारी पुलावर एकसष्ट म्हणाली, "सीधे चलते रहें." सरांनी गाडी पूल उतरून बाजूला घेतली, चष्मा काढला आणि डोळे पुसले. "माझी पोरगी शिकली," म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला आनंदही होत होता आणि लाजही वाटत होती. मी एका म्हाताऱ्या शिक्षकाला खेळवतोय का? आणि उद्या काही झालं तर? तरी मी पुढे अकरा पत्रं लिहिली, प्रत्येकाबरोबर एक रेखाटन जोडून.

हे सगळं चलथाणला संपलं.

माईंच्या भाच्याचं, योगेशचं लग्न होतं. मुलगी चलथाणची. बमरोलीहून वऱ्हाड निघायचं होतं: पुढे सरांची गाडी, मागे चार गाड्या आणि बँडवाल्यांसकट एक बस. "पुढे आम्ही असू," सरांनी जाहीर केलं होतं, "एकसष्ट आणि मी." नवरदेव आमच्याच गाडीत, मागे माईंच्या शेजारी, फेट्याचा तुरा छताला घासत. मी पत्ता घातला. घाईत 'चलथाण' टाइप केलं आणि जे नाव पहिलं आलं त्यावर बोट ठेवलं. चूक माझी, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

कडोदऱ्याच्या बाजूचा रस्ता लागला. उसाचे ट्रॅक्टर वाढत गेले. एकसष्ट आत्मविश्वासानं वळवत होती, सर "शाब्बास" म्हणत होते, आणि एका वळणानंतर आमच्या पुढे उसानं लादलेला ट्रॅक्टर होता, मागे आमचं वऱ्हाड आणि वऱ्हाडाच्या मागे आणखी पंधरा ट्रॅक्टर. "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं," ती म्हणाली. समोर साखर कारखान्याचं फाटक होतं.

ना पुढे जाता येईना, ना मागे. रांग सरकत सरकत आम्हाला फाटकाशी घेऊन गेली. रखवालदार खिडकीत वाकला.

"शेरडी क्यां छे?" म्हणजे ऊस कुठाय?

"शेरडी नथी," माई मागून म्हणाल्या. "वरराजा छे."

त्यानं आत पाहिलं. योगेशनं नमस्कार केला. रखवालदारानं कपाळाला हात लावला आणि सांगितलं की बाहेर पडायची वाट वजनकाट्यावरूनच आहे. म्हणून आम्ही काट्यावर चढलो. केबिनमधल्या माणसानं सवयीनं आकडा ओरडून सांगितला आणि बसमधून कुणीतरी ओरडलं, "नवरदेव वजा करा!" तेवढ्यात बँडवाल्यांना राहवेना. ते उतरले आणि तिथंच वाजवायला लागले. ट्रॅक्टरवरचे लोक उड्या टाकून नाचायला लागले. ऊस उतरवणाऱ्या एका बाईनं मोळीतला ऊस ओढून योगेशच्या हातात दिला, "कट्यार विसरनास का दादा? हाई धर!" माई गाडीतून उतरून तिच्याबरोबर फुगडीला उभ्या राहिल्या. वजनकाट्याचा आकडा वेड्यासारखा वर-खाली होत होता.

"फुवा, मुहूर्त!" योगेश उसाच्या आडून सरांना ओरडला. पाऊण तास उरला होता.

मी सरांकडे पाहिलं. ते स्टिअरिंग धरून बसले होते. हसत नव्हते. डोळे समोरच्या धुराड्यावर होते आणि ओठ हलत होते. पूर्व, पश्चिम, पूर्व. मला कळलं की त्यांना कुठलीच दिशा लागत नाहीये. मी तोंड उघडलं, "सर, चूक माझी..."

त्यांनी हात वर केला. दार उघडून उतरले. टोपी नीट केली, त्या बाईजवळ गेले, आणि चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला तो माणूस, बँड वाजत असताना, मोठ्यानं म्हणाला:

"ताई, माले रस्ता सांगशी का?"

माई फुगडीतून थांबल्या. मला वाटतं बँडही क्षणभर थांबला, पण ते खरं नसेल.

बाईनं उसानं दाखवलं. "तो पिवळा मांडव दिसस ना बाबा, शेताच्या पल्याड? तोच."

मांडव तिथूनच दिसत होता. सर वळून बघत राहिले आणि मग असे हसले, असे हसले, की खोकला लागला. गाडीशी आले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि फिरून शेजारच्या सीटवर बसले. "सत्तावीस, आता तू चालव. आज आणि पुढेही." एकसष्टला काचेवरून काढून त्यांनी मांडीवर घेतलं.

मी चालवत होतो. मला ते पेलवेना. मागे नवरदेव बसलाय, मुहूर्त चाललाय, याचा विचार न करता मी सगळं ओकून टाकलं. कंपनी नाही. तपासणी नाही. बावीस पानं साड्यांखाली आहेत. पत्रं मी लिहिली.

"माहीत आहे," सर म्हणाले. "पहिल्या पत्रापासून."

"कसं?"

"कंपनी पुण्याची. बाण माझा."

त्या पुलाच्या रेखाटनावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, शेपटीला दोन पिसं आणि टोकावर इवलासा 'उ'. मी काढला होता. बाराही वेळा काढला होता. मला आठवतसुद्धा नव्हतं.

"मग सर, बोलला का नाहीत?"

"निवृत्त मास्तरला कोण पत्र लिहितं रे? छान यायची पत्रं." मग खिडकीबाहेर बघत, "आणि तू शेजारी बसायचास."

"माले बी माहीत व्हतं," मागून माई.

"मला नव्हतं," योगेश म्हणाला, "पण डावीकडे घ्या, मांडव गेला!"

"पूर्वेला," सर म्हणाले. आम्ही पोचलो. मुहूर्त गाठला. नवरदेवाच्या हातात कट्यारीऐवजी ऊस असलेले फोटो अजून त्यांच्या घरी आहेत.

गाडी मग माझ्याकडेच राहिली आणि रविवार चालू राहिले, मी चालवणार, सर शेजारी, एकसष्ट मांडीवर. यंदा मुलगा न्यायला आला. जायच्या आदल्या दिवशी सरांनी मला ती वही दिली. शेवटच्या पानावर निकाल होता. 'कु. उपग्रह: उत्तीर्ण. वरच्या वर्गात बढती.' खाली दुसरं नाव: 'हजेरी क्र. २७. दिशाज्ञान: दहापैकी नऊ. खोटे बोलणे: दहापैकी दोन. सराव अपुरा, आणि वाढवू नये.'

सकाळी सगळी गल्ली बाहेर आली होती. मुलाच्या मोठ्या गाडीत समोर पडदाच होता, त्यात नकाशा, त्यात दुसरीच बाई. तरी सरांनी एकसष्टला मांडीवरून सोडलं नव्हतं. गाडी सुटली तसा मागच्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. बायका म्हणाल्या, बघा, निरोप देतायत. सगळ्यांनी हात हलवले. मीही हलवला. मग माझ्या लक्षात आलं की तो हात हलत नाहीये. एक बोट ताठ आहे. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, पण बोट वळलं नाही. गाडी फिरत गेली आणि ते आहे तिथंच रोखलेलं राहिलं, आमच्या शाळेच्या दिशेला, पाण्याच्या टाकीच्या वर, बरोबर उत्तरेला.

आतून माईंचा आवाज आला, "हात मझार ल्या! रिक्षा ई राह्यनी!"

आणि हात आत गेला.